परवान्यावर धोकादायक मालाची नोंद: घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथून कांदा भरून देशभर ट्रक नेण्याचे काम मी अनेक वर्षे केले. पुढे मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोंतून पेट्रोल आणि डिझेलचे टँकर चालवू लागलो. या दोन कामांमध्ये अडसर होता तो परवान्यावरील एका नोंदीचा. चालकांच्या बोलण्यात तिला नुसते ‘हॅझार्डस’ म्हणतात. कार्यालयीन भाषेत ती म्हणजे मानवी जीवितास धोकादायक असलेला माल वाहून नेणारे वाहन चालवण्याची अनुमती, आणि तिचा आधार आहे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९. ती मिळवताना माझे पैसे आणि दिवस वाया गेले, कारण नीट सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून नव्याने टँकरकडे वळू पाहणाऱ्या चालकांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. ‘असू द्यावी, कधीतरी उपयोगी पडेल’ या विचाराने ही नोंद घेण्यात फारसा लाभ नाही. ज्याला ठरलेल्या ठिकाणचे, ठरलेल्या मालाचे काम मिळण्याची खरी शक्यता आहे आणि जो तीन दिवसांचे प्रशिक्षण मन लावून घेणार आहे, त्याने ती अवश्य घ्यावी.

१. ही नोंद कोणाला लागते, ते आधी समजून घ्या

पुष्कळ जणांची समजूत अशी असते की ही नोंद केवळ मोठ्या टँकरसाठी लागते. तसे नाही. धोकादायक मालाचे संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीनुसार नऊ वर्ग केलेले आहेत: स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन पदार्थ, ऑक्सिडायझर म्हणजे आग भडकवणारे पदार्थ, विषारी पदार्थ, किरणोत्सारी पदार्थ, संक्षारक म्हणजे जाळणारे पदार्थ आणि इतर. गॅस सिलिंडरचा ट्रक, आम्लाचे कॅन भरलेला टेम्पो, रसायनांचे ड्रम नेणारे साधे ट्रक ही सर्व वाहने यांत येतात. मालाचा वर्ग कोणता, हे गाडीच्या आकारावरून ठरत नाही.

लहान गाडी चालवणाऱ्यांची फसगत येथेच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहतूक वाहनही चालवू शकतो. हा निर्णय कळल्यावर अनेक पिकअप चालकांना वाटले की आता कोणतीच वेगळी नोंद लागत नाही. प्रत्यक्षात त्याच निर्णयात न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे की धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांसाठीच्या विशेष अटी कायम राहतील. सिलिंडर किंवा आम्ल नेणाऱ्या छोट्या गाडीच्या चालकालाही नियम ९ पाळावाच लागतो.

दुसरा गैरसमज रिकाम्या टँकरबद्दलचा आहे. मालक सांगतो, ‘गाडी रिकामीच आणायची आहे, कोणीही चालेल.’ पेट्रोल उतरवलेल्या टँकरमध्ये द्रव नसला तरी वाफ भरलेली असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत हे प्रमाण सहज जमून येते. त्यामुळे रिकामा टँकर हाही धोकादायक मालाचाच टँकर समजावा आणि नोंद नसताना तो चालवायला घेऊ नये.

नोंद नसताना असे वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० च्या पोटकलम ३ खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम चालवणाऱ्याइतकेच चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे.

२. फायद्याचा हिशेब स्वतःच्या गावावरून करा

पहिला प्रश्न पगाराचा नसून अंतराचा आहे. माल भरण्याचे ठिकाण तुमच्या घरापासून किती दूर आहे? महाराष्ट्रात इंधनाचे मोठे डेपो पानेवाडी, पुण्याजवळचे लोणी काळभोर आणि मुंबईतील माहुल परिसरात आहेत. गॅस भरण्याचे काम उरण आणि चाकण भागांत चालते. रसायनांचे काम तळोजा, पाताळगंगा, तारापूर, महाड, लोटे परशुराम आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत आहे. यांपैकी एखादे ठिकाण तुमच्या आवाक्यात असेल, तर या नोंदीला अर्थ आहे. यांपैकी सर्वच ठिकाणांपासून तुम्ही दूर राहत असाल आणि बिऱ्हाड हलवण्याची तयारी नसेल, तर परवान्यावरची नोंद मुदत संपेपर्यंत तशीच पडून राहील.

दुसरा प्रश्न कामाच्या सातत्याचा. कांद्याच्या वाहतुकीत हंगाम असेल तेव्हा झोपायला वेळ मिळत नाही आणि नसेल तेव्हा गाडी दारात उभी राहते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी मे २०२४ पर्यंत राहिली. त्या काळात आमच्या भागातील किती ट्रक उभे होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पेट्रोल पंपाला मात्र बारा महिने इंधन लागते. पानेवाडीहून खानदेश आणि मराठवाड्यातील पंपांकडे जाणाऱ्या फेऱ्या कांद्याच्या मानाने लहान असतात आणि बऱ्याच दिवशी चालक रात्री घरी जेवू शकतो. माझ्यासाठी हा लाभ भत्त्यातील वाढीपेक्षा मोठा ठरला, कारण कांद्याच्या फेऱ्यांत पंधरा-पंधरा दिवस मुलांचे तोंड दिसत नसे. अर्थात हे कामही थांबू शकते. जानेवारी २०२४ च्या आरंभी नव्या भारतीय न्याय संहितेतील अपघाताच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी जे आंदोलन केले, त्यात पानेवाडीचे टँकर उभे राहिले आणि पंपांपुढे रांगा लागल्या होत्या.

पगाराविषयी बोलताना केवळ महिन्याचा आकडा विचारू नका. माल भरण्याच्या रांगेत जे तास जातात त्यांचे काही मिळते का, माल उतरवताना तूट आली तर ती चालकाच्या पगारातून कापतात का, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी विमा भरतात का, रात्रीच्या फेरीला दुसरा चालक देतात का, हे चार प्रश्न विचारल्यावरच खरा पगार कळतो. तुटीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. तापमानानुसार पेट्रोलचे आकारमान बदलते, वाफही उडते, आणि त्याचा हिशेब समजून न घेणारा मालक प्रत्येक लिटरसाठी चालकावर संशय घेतो.

तिसरी बाजू जोखमीची आहे आणि ती घरच्यांशी मोकळेपणाने बोलावी. १३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कुणे गावाजवळच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले आणि चार जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात आंजणारी येथे गॅसचा टँकर पुलावरून काजळी नदीत कोसळला, त्यात चालक दगावला आणि मुंबई–गोवा महामार्ग बंद ठेवावा लागला. कांद्याचा ट्रक उलटला तर माल रस्त्यावर पसरतो. टँकर उलटला तर ज्यांचा गाडीशी काहीच संबंध नाही अशा लोकांच्या जिवावर बेतते. ही जबाबदारी मनाला झेपेल का, याचा विचार कागदपत्रांच्या आधी करावा.

स्वतःची गाडी असलेल्यांनी विम्याची बाजूही पाहावी. चालकाच्या परवान्यावर ही नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी ‘अटींचा भंग’ असा बचाव घेते. पीडितांना भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये तिला देतात. एका तेल टँकरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये अशी वसुली योग्य ठरवली आहे. एका अपघातात गाडी, घर आणि शेत तिन्ही जाऊ शकतील एवढी ती रक्कम असते.

३. कागदपत्रे जमवा

- वाहतूक वाहनाचा चालू परवाना. त्याची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्यावे.
- राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थेचे तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे मूळ प्रमाणपत्र.
- आधार कार्ड आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा.
- फॉर्म १-ए, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र. नूतनीकरणासोबत अर्ज करत असाल तर ते लागतेच.
- परवान्याला जोडलेला, चालू असलेला मोबाइल क्रमांक. तो जुना असेल तर ओटीपी येत नाही आणि अर्ज तिथेच अडतो.
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रक, असल्यास.

शेवटच्या कागदाबद्दल थोडे स्पष्ट करतो. वाहतूक वाहनाच्या चालकाला आठवी उत्तीर्ण असण्याची जी अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे शिक्षणाची अटच राहिली नाही, असे काही जण सांगतात. नियम ९ मध्ये मात्र वेगळी अट आहे: संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा आणि इंग्रजी या दोन्ही लिहिता-वाचता आल्या पाहिजेत. मराठी येत असली तरी इंग्रजीची अट सुटत नाही. तिचे कारणही योग्य आहे, कारण गाडीवरच्या फलकांवर आणि मालासोबतच्या कागदांवर बरीच माहिती इंग्रजीत असते.

४. संस्था निवडा आणि तीन दिवस पूर्ण बसा

माझी पहिली चूक येथे झाली. ‘एका दिवसात प्रमाणपत्र, बसायची गरज नाही’ असे सांगणाऱ्या एका माणसाला मी पैसे दिले. प्रमाणपत्र छान छापलेले होते. परंतु त्या संस्थेला मान्यताच नव्हती, त्यामुळे अर्ज नामंजूर झाला आणि पैसेही परत मिळाले नाहीत. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात जाऊन मान्यताप्राप्त संस्थांची नावे विचारा, संस्थेच्या मान्यतेची मुदत पाहा आणि शुल्काची छापील पावती घ्या. संस्थेचे नाव, तुमचे नाव आणि परवाना क्रमांक प्रमाणपत्रावर अचूक आहेत का, हे तिथेच तपासा. नावातील एका अक्षराचा फरकसुद्धा पुढे त्रास देतो.

प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम नियमातच दिलेला आहे. पहिले दोन दिवस सुरक्षित वाहनचालनाचे असतात: अपघातांची कारणे, चालकाची तब्येत, ब्रेक लागण्याचे अंतर, रेल्वे फाटक, रात्रीचे आणि पावसातील चालवणे, निघण्यापूर्वी गाडीची बाहेरून, खालून आणि आतून तपासणी. वीस वर्षे गाडी चालवली, आता हे काय शिकायचे, असे अनुभवी चालकाला वाटते. परंतु टँकर वेगळ्या रीतीने चालतो. अर्धवट भरलेल्या कप्प्यातील द्रव वळणावर बाहेरच्या बाजूला आणि ब्रेक लावल्यावर पुढे धावतो, आणि त्याचा धक्का चालकाने गाडी सावरल्यानंतर एका क्षणाने येतो. पोत्यांचा ट्रक ज्या वेगाने वळण घेतो, त्या वेगाने टँकर वळवला तर तो उलटतो. कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना हा फरक पहिल्याच वळणावर जाणवतो.

तिसरा दिवस मालाच्या सुरक्षिततेचा. माझ्या मते सर्व शुल्क या एका दिवसासाठी दिले तरी चालेल. त्या दिवशी पुढील गोष्टी समजल्याशिवाय उठू नका.

संयुक्त राष्ट्र क्रमांक हा प्रत्येक मालाचा चार अंकी क्रमांक असतो. पेट्रोलचा १२०३, डिझेलचा १२०२, एलपीजीचा १०७५, मिथेनॉलचा १२३०, अमोनियाचा १००५, क्लोरीनचा १०१७ आणि सल्फ्युरिक आम्लाचा १८३०. आपण जो माल नेणार आहोत, त्याचा क्रमांक तोंडपाठ असावा. फोनवर अग्निशमन दलाला ‘केमिकल सांडले आहे’ असे सांगण्यापेक्षा हे चार अंक सांगितले तर समोरच्याला काय घेऊन यायचे ते लगेच कळते.

हॅझकेम कोड हा अग्निशमन दलासाठीचा संकेत आहे. त्यातील अंक आगीवर काय वापरायचे ते सांगतो: १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे बारीक फवारा, ३ म्हणजे फेस आणि ४ म्हणजे पाणी न वापरता कोरडे साधन. पुढचे अक्षर कोणती संरक्षक साधने घालायची आणि सांडलेला माल पाण्याने विरळ करायचा की अडवून धरायचा ते दाखवते. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासचे लोक हलवण्याचा विचार करावा लागतो. पेट्रोलच्या टँकरवर ‘३ वाय ई’ असते: फेस वापरा, माल गटारात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका, लोकांना दूर करा.

ट्रेम कार्ड हा मालाची माहिती आणि संकटात करायची कामे सांगणारा कागद आहे. प्रशिक्षकाकडून आपल्या मालाचे कार्ड मागून घ्या आणि एकेक ओळ समजून घ्या.

त्याच दिवशी अग्निशामक नळकांडे स्वतःच्या हाताने चालवून पाहण्याचा आग्रह धरा. मी वर्षानुवर्षे ते केबिनमध्ये बाळगले होते, परंतु त्याची पिन कधी काढली नव्हती. मारा ज्वाळेच्या टोकावर न करता आगीच्या बुडाशी करायचा असतो आणि लहान नळकांडे काही सेकंदांतच संपते, हे प्रत्यक्ष केल्यावरच कळते.

५. अर्ज करा

अर्ज केंद्र सरकारच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर करता येतो. महाराष्ट्र राज्य निवडून परवान्याशी संबंधित सेवांमध्ये गेल्यावर परवाना क्रमांक आणि जन्मतारीख भरावी लागते, आणि मग सेवांच्या यादीत धोकादायक मालाच्या नोंदीचा पर्याय दिसतो. त्याच यादीत डोंगराळ भागात चालवण्याच्या नोंदीचाही पर्याय असतो; घाईत चुकीच्या चौकोनावर खूण करू नका. प्रमाणपत्र स्पष्ट दिसेल असे स्कॅन करून चढवावे, शुल्क भरावे, पावती जपून ठेवावी. मूळ कागद पाहण्यासाठी कार्यालयात बोलावले तर सर्व मूळ प्रती घेऊन जाव्यात. तुमचे गाव कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येते, ते आधी पाहून घ्या. उदाहरणार्थ, मनमाड मालेगावच्या कार्यालयाच्या हद्दीत येते, नाशिकच्या नव्हे.

नवे कार्ड हातात आले की घरी जाण्यापूर्वी ते वाचा. माझ्या एका नूतनीकरणाच्या वेळी नवे कार्ड आले, परंतु जुनी हॅझार्डसची नोंद त्यावर आलीच नव्हती. मला ते कळले डेपोच्या फाटकावर, पहाटे, रांगेत चार तास थांबल्यानंतर. गाडी परत न्यावी लागली, आणि दुरुस्ती होईपर्यंतचे सर्व दिवस बिनपगारी गेले. कार्डासोबत ऑनलाइन नोंदही तपासावी. परवान्याचा तपशील काढला की वाहतूक परवान्याची मुदत आणि धोकादायक मालाच्या नोंदीची मुदत वेगवेगळ्या दिसतात.

६. मुदतीची तारीख लिहून ठेवा

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार वाहतूक परवान्याची मुदत पाच वर्षे आहे, तर धोकादायक मालाच्या परवान्याची तीन वर्षे. त्यापूर्वी ही मुदत एकच वर्ष होती आणि दरवर्षी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागे. आता नूतनीकरणाच्या अटी केंद्र सरकारने ठरवायच्या आहेत. उजळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कार्यालयात मागितले जाऊ शकते, म्हणून मुदत संपण्याच्या दोन महिने आधी चौकशी करावी.

पूर्वी परवान्याची मुदत संपल्यानंतरही तो तीस दिवस चालत असे. ही सवलत त्याच दुरुस्तीने काढून टाकली. आता मुदत संपलेल्या दिवसानंतर एक फेरीसुद्धा करू नये.

७. पहिली फेरी

नोंद मिळाली म्हणजे डेपोत लगेच प्रवेश मिळतो असे नाही. तेल कंपन्या चालक आणि क्लीनर यांची स्वतंत्र नोंदणी करतात, ओळखपत्र देतात आणि बऱ्याच ठिकाणी स्वतःचे प्रशिक्षणही घेतात. माल चोरणे, कुलूप छेडणे किंवा मार्ग सोडून गाडी थांबवणे यांसाठी चालकाला काळ्या यादीत टाकले जाते आणि मग दुसऱ्या तेल कंपनीचे दारही बंद होऊ शकते. ‘दहा लिटर काढले तर कोणाला कळते’ असे सांगणारे लोक पहिल्याच आठवड्यात भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा.

निघण्यापूर्वी गाडीचे कागद पाहा. नोंदणी, फिटनेस, परमिट, विमा आणि पीयूसी यांखेरीज टँकरसाठी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा, म्हणजे ‘पेसो’चा परवाना लागतो. या संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. एक्झॉस्टला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर असावा, प्रथमोपचार पेटी आणि संरक्षक साधने असावीत. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे संकटकालीन माहितीचा फलक असावा लागतो. त्यावर मालाचे नाव, क्रमांक, हॅझकेम कोड, किमान २५० मिलिमीटर बाजूचे वर्गचिन्ह आणि संकटात फोन करायचे क्रमांक असतात. माल बदलला की फलकही बदलला पाहिजे. काल डिझेल आणि आज रसायन नेणाऱ्या गाडीवर कालचाच फलक राहिला, तर अपघाताच्या वेळी मदत करणारे चुकीच्या मालासाठी तयार होऊन येतील.

माल देणाऱ्याकडून ट्रेम कार्ड लेखी मिळणे हा तुमचा हक्क आहे आणि ते केबिनमध्ये हाताशी ठेवणे हे नियम १३३ नुसार तुमचे कर्तव्य. ‘कागद नंतर पाठवतो’ असे म्हटले तर गाडी हलवू नका.

भरताना आणि उतरवताना अर्थिंगची तार सर्वांत आधी जोडायची आणि सर्वांत शेवटी काढायची. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी डोळ्यांना दिसतही नाही. अंगात सुती कपडे असावेत, मोबाइल बंद असावा. पेट्रोलची आणि एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या चुलीपर्यंत पोचते. म्हणून ढाब्याच्या भट्टीजवळ गाडी लावू नका. गाडी उभी असतानाही तुम्ही किंवा अठरा वर्षांवरील एखादा जाणता माणूस तिच्याजवळ असलाच पाहिजे.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या चालकाला हात धरून सांगतो. टाकीच्या मॅनहोलमधून आत उतरू नका. पंपावरचा माणूस, मालक किंवा सोबतचा क्लीनर कितीही आग्रह करो, ‘थोडा गाळ आहे, काढून घे’ असे म्हणो, उतरू नका. आत पुरेसा प्राणवायू नसतो, माणूस आवाज न करता कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरला की तोही तिथेच राहतो. टाकी साफ करणे हे वेगळ्या साधनांनी आणि वेगळ्या परवानगीने करायचे काम आहे.

८. गळती किंवा अपघात झाला तर

इंजिन बंद करा, शक्य असेल तर बॅटरीचा कट-ऑफ दाबा, आणि वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे जा. लोकांना दूर करा. विशेषतः पेट्रोल गोळा करायला डबे घेऊन येणाऱ्यांना ओरडून, हात जोडून, कसेही करून मागे हटवा. ११२ वर फोन करून ठिकाण, मालाचे नाव आणि चार अंकी क्रमांक सांगा, मग फलकावरील क्रमांकावर आणि मालकाला कळवा. नियम १३६ नुसार जवळच्या पोलीस ठाण्यात तत्काळ खबर देणे बंधनकारक आहे. औद्योगिक वसाहतींच्या भागात कारखान्यांचे ‘मार्ग’ नावाचे परस्पर मदत गट असतात आणि त्यांच्याकडे रसायन आवरण्याची साधने असतात; आपल्या नेहमीच्या मार्गावरील अशा गटांचे क्रमांक आधीच लिहून ठेवा.

गळती लहान असेल आणि जिवाला धोका नसेल तेव्हाच व्हॉल्व्ह बंद करण्याचा किंवा मातीचा बांध घालण्याचा प्रयत्न करा. माल विहिरीत, ओढ्यात किंवा गटारात जाऊ न देणे महत्त्वाचे. आम्लावर घाईघाईने पाणी ओतू नका, कारण तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्याशी मिळताना प्रचंड तापते आणि उसळून अंगावर येते.

जमावाच्या भीतीने चालक पळून जातात, हे मी समजू शकतो. तरीही टँकरच्या बाबतीत मालाची माहिती असलेला तोच एक माणूस तिथे असतो. जिवाची भीती वाटली तर लांब जा, परंतु थेट पोलीस ठाण्यात जा आणि ट्रेम कार्ड सोबत न्या.

९. ज्यांनी अजून थांबावे

जड वाहनावर दोन पावसाळेसुद्धा काढले नसतील त्यांनी आधी साध्या मालावर हात बसवावा. रात्री डुलकी लागते, साखर किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, दारू सुटलेली नाही, अशांनी तर टँकरचा विचारच करू नये. मालक कोण हे ठरलेले नसताना केवळ दलालाच्या शब्दावर पैसे भरू नयेत. आधी दोन वाहतूकदारांना भेटून काम मिळेल का ते विचारावे.

आणि ज्यांना इंग्रजी वाचायला अडचण वाटते, त्यांनी प्रशिक्षणाची तारीख दोन महिने पुढे ढकलून तेवढे वाचन शिकावे. ते फार कठीण नाही. महामार्गावरच्या ढाब्यावर टँकर उभे असतात. चहा घेता घेता त्यांचे फलक वाचा, चार अंक वहीत उतरवा, त्या गाडीच्या चालकाला विचारा की दादा, यात काय आहे आणि हे सांडले तर तुम्ही पहिले काय कराल. मला पहिल्यांदा ट्रेम कार्ड दाखवून त्याचा अर्थ समजावणारा माणूस असाच एका ढाब्यावर भेटला होता, आणि माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला १२०३ हा क्रमांक अजून आहे.